लांब घंटा

लांब घंटा झाली आणि शेटे मॅडमच्या हातातला खडू खाली पडला.

आमच्या शाळेत घंटा दोन प्रकारच्या होत्या. तास संपला की टण् टण् टण्, म्हणजे साधी. आणि शिपाई गंगाराममामा जीव खाऊन, मध्ये न थांबता बडवत सुटला की ती लांब घंटा. लांब घंटेचा अर्थ एकच. सरकारी साहेब तपासणीला आले.

मग काय विचारता! शिक्षकांच्या गळ्यात ओळखपत्रं यायची, आम्ही हाताची घडी घालून ताठ बसायचो, आणि गंगाराममामा घंटा टाकून शाळेच्या मागं पळायचा. मागं संस्थेच्या चेअरमनसाहेबांच्या दोन म्हशी बांधलेल्या असायच्या, हरणी आणि मोरी. ती जागा कागदावर खेळाचं मैदान होती. प्रयोगशाळेत सरकी पेंडीची पोती होती. साहेब पुढच्या फाटकातून आत यायच्या आत म्हशी मागच्या फाटकातून बाहेर गेल्या पाहिजेत, हे गंगाराममामाचं खरं काम. घंटा वाजवणं हे वरचं.

त्या दिवशी मात्र जीप आली नाही. आली ती एक खिळखिळी स्कूटी, आणि तिच्यावर एक शिडशिडीत बाई, खांद्याला ही एवढी मोठी पिशवी. गंगाराममामानं त्यांच्या गळ्यातलं पंचायत समितीचं ओळखपत्र बघितलं आणि पुढचं काही न विचारता घंटेकडं धाव घेतली होती.

शेटे मॅडम आमच्या मुख्याध्यापिका. चौथीला इंग्रजी त्याच शिकवायच्या. पदर सावरत त्या ऑफिसकडं पळाल्या. थोड्या वेळानं मला बोलावणं आलं. जाऊन बघते तर त्या बाईंच्या पुढ्यात पोह्यांची बशी, चहा, आणि शेजारी शाल-नारळ तयार.

"हीच का पद्मजा मगदूम?" बाईंनी विचारलं. "ये गं. मी शाहीन मुल्ला. तुझ्यासाठीच आलेय."

शेटे मॅडमनी माझ्याकडं बघितलं, बाईंकडं बघितलं, मग शालीकडं बघितलं.

"म्हणजे... तपासणी नाही?"

"तपासणी? छे हो! मी विशेष शिक्षिका आहे. कमी दिसतं, कमी ऐकू येतं, अशा तालुक्यातल्या मुलांना शिकवते."

"अहो, पण ते सरकारी शाळेतल्या मुलांसाठी. आमची खाजगी शाळा!"

"शाळा खाजगी असंल की मॅडम. पोरगी तर तालुक्यातलीच आहे ना?" असं म्हणून मुल्ला मॅडमनी पोह्याचा घास घेतला. "छान झालेत."

शेटे मॅडमनी नारळ हळूच टेबलाखाली सरकवलेला मला दिसला नाही, पण आवाज ऐकू आला.

आता माझं सांगते. मी जन्मले ती पांढरीफटक. केस पांढरे, पापण्या पांढऱ्या, डोळे सतत हलते. जयसिंगपुरात आमच्या गल्लीत बायका मला बघायला आल्या तेव्हा आजोबा ओसरीवर बसून सांगत होते म्हणे, "मगदुमांच्या घरात मडमीण आलीया! हिला मराठी शाळेत घालून कसं चालंल?" ते त्यांनी खरं केलं. आप्पा, म्हणजे माझे वडील, शाळेची पोरं नेणारी रिक्षा चालवायचे. त्यांना परवडत नव्हतं, तरी मडमिणीला इंग्लिश मीडियममध्ये घातलं.

पण मडमिणीला फळा दिसत नव्हता. पुढच्या बाकावर बसूनसुद्धा फळा म्हणजे नुसता काळा चौकोन, त्यावर पांढरी धूळ. खिडकीतलं ऊन आलं की तेही गेलं, डोळे मिटूनच घ्यायचे. गॉगल आणि टोपी घातली की बरं वाटायचं, पण युनिफॉर्ममध्ये टोपी बसत नव्हती. माझी मैत्रीण सानिका हुपरे फळ्यावरचं माझ्या कानात कुजबुजायची आणि मी लिहायची. सानिका चुकली की मीही चुकायची. दोघींच्या वहीत चुका जुळ्या असायच्या.

हे शेटे मॅडमच्या लक्षात आलं आणि त्यांनी आप्पांना बोलावून घेतलं. त्या ओरडल्या नाहीत. वाईट नव्हत्या त्या, फक्त घाबरलेल्या असायच्या.

"मगदूम, सहामाहीपर्यंत बघू. तिला फळ्यावरचं वाचता आलं तर राहील. नाहीतर अंध मुलांची निवासी शाळा आहे, तिथं घाला. तिथं टोपी घालू दे, गॉगल घालू दे. इथं तो नियम नाही."

निवासी म्हणजे हॉस्टेल. म्हणजे घर नाही, आई नाही, आप्पांची रिक्षा नाही, सानिका नाही. आणि मी आंधळी नव्हते हो! मला दिसत होतं की! आपलं कमी दिसत होतं, जवळून दिसत होतं, पण दिसत होतं. त्या रात्री मी जेवले नाही आणि आप्पाही जेवले नाहीत. आई दोघांवर चिडली आणि मग स्वतःही जेवली नाही.

त्यानंतर दोनच दिवसांनी मुल्ला मॅडमची स्कूटी पंक्चर झाली आणि त्या आप्पांच्या रिक्षात बसल्या. आप्पा रिक्षात गप्प बसणारा माणूस नव्हे. पंचायत समिती येईपर्यंत माझी सगळी कुंडली सांगून झाली होती. आणि म्हणून त्या आज इथं पोहे खात होत्या.

"दर गुरुवारी येईन," त्या म्हणाल्या. "एक कोपरा द्या बसायला. बस."

"नाही हो जमणार," शेटे मॅडम काकुळतीला आल्या. "चेअरमनसाहेबांचा हुकूम आहे, सरकारी माणूस दिसला की घंटा. तुम्ही दर गुरुवारी येणार, मग दर गुरुवारी म्हशी..." एवढं बोलून त्यांनी जीभ चावली.

"कसल्या म्हशी?"

"काही नाही. फाटकाच्या आत नाही जमणार, एवढंच."

मुल्ला मॅडमनी बशी पुसून खाल्ली, पिशवी उचलली आणि उठल्या. "फाटकाच्या बाहेरचा रस्ता नगरपालिकेचा ना? मग झालं तर."

पुढच्या गुरुवारी आप्पांची रिक्षा फाटकाच्या बाहेर लिंबाखाली उभी. दोन्ही बाजूंचे रेक्झिनचे पडदे खाली सोडलेले. वर्गातली पोरं पीटीला उन्हात गेली की मी एकटी वर्गात बसायची, तोच तास आम्ही धरला. गंगाराममामा फाटकातली लहान दिंडी उघडून मला बाहेर सोडायचा आणि आभाळाकडं बघत म्हणायचा, "मी काय बघितलं न्हाई."

देवा, काय ती रिक्षा! आयुष्यात पहिल्यांदा मी शाळेच्या वेळात डोळे पूर्ण उघडले. आत सावली, पुढून येईल तेवढाच उजेड. मुल्ला मॅडम मागच्या सीटवर माझ्याशेजारी, आप्पा पुढं हँडलवर हनुवटी टेकून. पिशवीतून ठसठशीत अक्षरांची पुस्तकं निघाली, जाड काळी पेनं निघाली, मांडीवर ठेवायची तिरकी फळी निघाली. मी सवयीनं पुस्तकाला नाक लावलं, तर पाठीत बोट टोचलं.

"डोळे कमी आहेत, पाठीचा कणा नाही कमी. ताठ बस. पुस्तक वर येऊ दे, तू खाली जाऊ नकोस."

फार कडक बाई. लाड नाहीत, बिचारी-बिचारी नाही. मला ते इतकं आवडलं की सांगता येत नाही. आमच्याकडं सगळे मला बघून च्च् च्च् करायचे, आणि ही बाई म्हणायची, "आळशी आहेस तू. परत वाच."

आणि मग त्यांनी ती दुर्बीण काढली. अंगठ्याएवढी. एका डोळ्याला लावायची.

"हिच्यातनं लांबचं जवळ दिसतं. पण आधी सापडलं पाहिजे."

पहिले दोन गुरुवार मला काहीही सापडलं नाही. नुसतं आभाळ, लिंबाचा पाला, आप्पांच्या कानातले केस. हात हलायचा, डोळे हलायचे, सगळंच हलायचं. मी रडकुंडीला आले.

"राहू दे मॅडम," आप्पा म्हणाले, "लेकरू दमलं."

"तुम्ही पुढं बघा. ड्रायव्हरनं वर्गात बोलायचं नाही."

आप्पा पुढं बघत बसले. मग मॅडमनी त्यांनाच समोरच्या चहाच्या टपरीवर पाठवलं. "जा, तिथं उभे राहा. काहीतरी करा. पद्मा, तुझे आप्पा शोध."

मी शोधू लागले. रस्ता, रस्ता, सायकलचं चाक, टपरीचं फळकूट, किटली, एक शर्ट. शर्टावरून हळूहळू वर गेले. आणि आप्पा दिसले. रस्त्याच्या पलीकडचे आप्पा! दोन्ही कान धरून, जीभ बाहेर काढून, भर रस्त्यात माझ्यासाठी माकडासारखे नाचणारे. तोपर्यंत माझ्यापासून लांब गेलेला माणूस म्हणजे मला एक रंगाचा डाग होता. आप्पा फाटकातून मला सोडून जाताना मागं वळून बघतात की नाही, हे मला कधी कळलं नव्हतं.

"आप्पा जीभ काढायलेत!" मी ओरडले.

आप्पा तिथंच थांबले. त्यांनी जीभ आत घेतली आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. तेही मला दिसलं. मी इतकी हसत होते की मुल्ला मॅडमना दुर्बीण धरावी लागली.

त्यानंतर मी सुटलेच. रिक्षात बसून मी अख्खा रस्ता वाचून काढला. चहाच्या टपरीचे दर, शिंप्याची पाटी, सलूनच्या आरशावरची अक्षरं, कोपऱ्यावरच्या दूध डेअरीवर 'उधारी बंद' आणि त्याच्याखाली कुणीतरी खडूनं लिहिलेलं 'तुझ्या बापाची'. ते मी मोठ्यानं वाचलं आणि आप्पांनी कपाळाला हात लावला.

पण शाळेत दुर्बीण चालत नव्हती. मी एकदा वर्गात काढली तर शेटे मॅडम म्हणाल्या, "खेळणी घरी." आणि सहामाही चार दिवसांवर आली. सोमवारी मॅडम मला फळ्यावरचं वाचायला लावणार होत्या.

"दुर्बीण नसली तर मला नाही येणार," मी मुल्ला मॅडमना म्हटलं. तो परीक्षेआधीचा शेवटचा गुरुवार होता.

"मी बोलते त्यांच्याशी."

"तुम्हाला आतच घेत नाहीत की!"

यावर त्यांनी जाड पेनांची टोपणं एकेक करून लावायला घेतली. आप्पा हँडलवर बोटानं काहीतरी घासत होते. मी दुर्बीण डोळ्याला लावून उगीच डेअरीकडं बघत बसले, कारण रडले असते तर आप्पांनाही रडू आलं असतं.

डेअरीपाशी एक पांढरी जीप येऊन थांबली.

"मॅडम," मी म्हटलं, "जीपवर लाल पाटी आहे. म... महा... महाराष्ट्र शासन."

आप्पा ताडकन वळले. "काय म्हणालीस?"

"महाराष्ट्र शासन. पुढं एक साहेब बसलेत. डेअरीवाल्याला काहीतरी विचारतायत. तो हात करून आपल्या शाळेकडं दाखवतोय."

आप्पांनी मुल्ला मॅडमकडं बघितलं. शाळाच बंद पडली तर माझं काय, पण शेवटी मॅडमही सरकारीच. मुल्ला मॅडमनी शांतपणे चष्मा काढला, ओढणीनं पुसायला घेतला आणि म्हणाल्या, "आज मला जरा कमी ऐकू येतंय."

आप्पांनी हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. फाटकाआत स्टुलावर पेंगणारा गंगाराममामा धडपडत उठला.

"काय झालं? काय झालं?"

"जीप! सरकारी! डेअरीपाशी!"

मामानं कपाळावर हात धरून बघितलं. "कुठाय? मला तर कायबी दिसंना."

"तुला दिसंपर्यंत साहेब हापिसात चहा पीत बसंल! वाजव की!"

मामानं अशी घंटा बडवली, अशी बडवली, की लिंबावरचे कावळे उडाले. मग म्हशींकडं पळाला. आप्पांनी रिक्षा सुरू केली, थेट फाटकाच्या तोंडाशी आडवी घातली आणि बंद केली. जीप येऊन थांबली. साहेब खाली उतरले.

"काय हो, रिक्षा काढा!"

"स्टार्टर गेलाय साहेब," आप्पा म्हणाले आणि बाहेर उतरून सीटखाली डोकं घालून बसले. चांगली धडधाकट रिक्षा ती, त्यांनी नुसत्या नळ्यांवरून हात फिरवला. मी रिक्षाचा पडदा जरा सारून दिंडीच्या फटीतून दुर्बीण लावली. शाळेच्या बाजूच्या बोळातून मागचं फाटक दिसायचं. हरणी गेली. मोरी अडून बसली. मामानं शेपूट पिरगाळलं, मोरी गेली.

"आप्पा, गेली," मी हळूच म्हटलं.

"झाली दुरुस्त!" म्हणत आप्पांनी रिक्षा बाजूला घेतली.

साहेब आत गेले. मैदान बघितलं, मोकळं आणि ऐसपैस. शेणाचा एक पो तेवढा राहिला होता. पीटीच्या सरांना तो वेळेत दिसला आणि ते जाऊन त्याच्यावरच उभे राहिले. साहेब असेपर्यंत ते तिथून हलले नाहीत. साहेब जाताना म्हणाले म्हणे, "पीटीचे शिक्षक शिस्तीचे दिसतायत." प्रयोगशाळेची किल्ली मात्र कुणालाच सापडली नाही.

जीप गेली तशा शेटे मॅडम फाटकाशी आल्या. घामानं भिजल्या होत्या, पण चेहरा सुटल्यासारखा.

"गंगाराम! आज वाचवलंस बाबा. चेअरमनसाहेब तर नेमके कोल्हापूरला. तुला इतक्या लांबनं दिसली कशी जीप?"

मामा खाली मान घालून उभा राहिला. खोटं बोलता आलं असतं त्याला. बक्षीसही मिळालं असतं.

"मला न्हाई दिसली मॅडम," तो म्हणाला. "त्या पोरीला दिसली."

"कुठल्या पोरीला?"

त्यानं रिक्षाकडं बोट केलं. शेटे मॅडमनी वाकून पडदा बाजूला केला. आत मी, डोक्यावर टोपी, हातात दुर्बीण, मांडीवर तिरकी फळी. शेजारी मुल्ला मॅडम चष्मा पुसतच होत्या.

"हिला?" शेटे मॅडम म्हणाल्या. "हिला डेअरीपाशी काय दिसणार?"

"जीप," मी म्हटलं. "पांढरी. लाल पाटी. साहेबांनी आधी खिडकीतनं पान थुंकलं, मग डेअरीवाल्याला पत्ता विचारला."

गंगाराममामा नखं बघत होता. आप्पांचे दोन्ही हात हँडलवर घट्ट होते.

"वर्गात चल," शेटे मॅडम म्हणाल्या. "आणि ते... ते जे काय आहे, ते घेऊन ये." दोन पावलं गेल्या आणि वळल्या. "तुम्हीही या मॅडम. आत या."

मुल्ला मॅडमनी फाटकात पाय ठेवला आणि सवयीनं मामाचा हात घंटेकडं गेला. शेटे मॅडमनी असं बघितलं की तो अर्ध्यातच थांबला.

वर्गात पोरं पीटीवरून परत आली होती. मॅडमनी मला थेट शेवटच्या बाकावर बसवलं. टोपी मी दारातच काढून दप्तरात घातली होती, नियम तो नियम. सानिका कुजबुजायला म्हणून माझ्याकडं सरकली, तर मॅडम म्हणाल्या, "सानिका, पुढं बस."

त्यांनी फळ्यावर मोठं अक्षर काढलं. मी दुर्बीण लावली. छत, पंखा, कुणाचीतरी वेणी, फळ्याची कड. सापडलं.

"बी," मी म्हटलं.

मग शब्द आला. मग वाक्य. मग त्याहून बारीक वाक्य. मी वाचत गेले. वर्गात पोरं माना वळवून एकदा फळ्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होती. मॅडमचं अक्षर लहान लहान होत चाललं. शेवटी त्या आमच्याकडं पूर्ण पाठ करून फळ्याच्या अगदी खालच्या कोपऱ्यात काहीतरी लिहीत राहिल्या, आणि बाजूला झाल्या.

पुढच्या बाकावरून सानिकासुद्धा डोळे बारीक करून बघायला लागली. मी कोपरा शोधला. एकेक शब्द धरत मोठ्यानं वाचलं.

"पद्मजा... मे... वेअर... हर कॅप... इन क्लास."

वाचून झालं तरी मला कळलंच नाही. मी पुढचं वाक्य शोधत राहिले. पुढं काही नव्हतं. मग सानिका किंचाळली, बाकं ओलांडून मागं आली, माझ्या दप्तरातून टोपी ओढून काढली आणि माझ्या डोक्यावर दाबून बसवली. पार कानापर्यंत. वर्गानं नुसता गोंधळ घातला. शेटे मॅडम खडूचे हात पदराला पुसत हसत होत्या. दारात मुल्ला मॅडम उभ्या होत्या, आणि ती कडक बाई आता चष्मा पुसत होती ते तो खरोखर ओला झाल्यामुळं.

मी खिडकीशी धावले. दुर्बीण लावली. फाटकाबाहेर आप्पा रिक्षाच्या टपाला धरून टाचा उंच करून आमच्या वर्गाकडं बघत होते. मी टोपीला दोन्ही हातांनी धरून त्यांना दाखवली. त्यांना काय दिसलं असेल एवढ्या लांबनं, पण कळलं. सोमवारचं, हॉस्टेलचं, सगळंच एकदम कळलं. त्यांनी आत वाकून हॉर्नवर हात ठेवला आणि उचललाच नाही. आनंदानं वाजवत राहिले, वाजवत राहिले.

दुर्बीण मी तशीच बाजूला नेली. गंगाराममामा दचकून स्टुलावरून उठला होता. एकदा रस्त्याकडं, एकदा घंटेकडं बघितलं त्यानं. आणि मग लांब घंटा झाली, आणि नुकतीच परत येऊन रवंथ करत बसलेली मोरी मागच्या फाटकातून पुन्हा एकदा बाहेर निघाली.